समुद्राकडे वळवलेला अँटेना

“डोंगराकडे बघत राहा. वारा येईल, मीठ बसेल, पाखरं डोक्यावर बसतील. काही झालं तरी मान वळवायची नाही. कळलं ना?”

शेवटचा नट आवळून झाल्यावर हायलोंग मला असं म्हणाला होता. म्हणताना त्याने माझ्या खांबावर पान्याने दोनदा टकटक केलं. माणसं एरवी वस्तूंशी बोलत नाहीत. पण उंचावर एकटी असली की बोलतात, असं माझ्या पाहण्यात आहे.

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीकाठच्या एका गल्लीत, पत्र्याच्या पडवीवर मी उभा आहे. एक लांब दांडी आणि तिच्यावर आडव्या बसवलेल्या कांड्या, एवढंच माझं रूप. कांड्या मुळात चौदा होत्या. दोन वादळात गेल्या, बारा उरल्या आहेत. माझ्या अंगातून एक काळी तार निघते, पत्र्याच्या कडेवरून खाली उतरते आणि पडवीतल्या टीव्हीकडे जाते. वरून मला सगळी गल्ली दिसते आणि पडवीला भिंत नसल्यामुळे आतलं बोलणंही ऐकू येतं.

माझी गोष्ट सांगायला घेतली आहे खरी, पण आधीच एक कबूल केलेलं बरं. तिच्यातलं बरंचसं मला अजून उमगलेलं नाही. जिथे उमगलं नाही तिथे मी तसं सांगेन.

माझा जन्म उत्तरेकडच्या शहरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे सात-आठ बायका ओळीने बसून कांड्यांना भोकं पाडायच्या आणि एकमेकींच्या सासवांबद्दल बोलायच्या. मला वाटायचं, अँटेना म्हणजे सासवांबद्दलचं ऐकायचं यंत्र. ही माझी पहिली चुकीची समजूत. पुढे बऱ्याच झाल्या.

हायलोंगने मला विकत घेतलं आणि तराफ्याला बांधतात तशा दोरीने स्कूटरला बांधून गावात आणलं. तो खाडीत कालवांची शेती करायचा. बांबूच्या तराफ्यावरून कालवांच्या माळा ओढून आणायच्या आणि गल्लीत ओतायच्या. मग त्याची बायको छायहुन पडवीत बसून टोकदार सुरीने एकेक शिंपला उघडायची. तिच्यासमोर बसायची समोरच्या घरातली किमकी. दोघींच्या मध्ये कालवांचा ढीग आणि ढिगाच्या पलीकडे टीव्ही. दुपारी चार वाजता गाण्याचं नाटक लागायचं. मग हात आपोआप चालायचे आणि डोळे पडद्यावर असायचे.

“ही राजकन्या पुन्हा रडतेय बघ,” किमकी म्हणायची.

“तिला कालवं सोलायला बसव. रडायला वेळ मिळायचा नाही.”

हायलोंग किमकीपेक्षा मोठा आणि ती त्याला भाऊ मानायची. म्हणून किमकी छायहुनला आसो म्हणायची, म्हणजे वहिनी. दोघींचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे. पण आसो म्हणताना किमकीचा आवाज अजून तसाच, हक्काचा येतो.

त्या वर्षांत माझं खूप कौतुक झालं. वादळाच्या दिवसांत सगळी गल्ली आमच्या पडवीत जमायची आणि हवामानाच्या बातम्या बघायची. “हायलोंगचा अँटेना कसा स्वच्छ दाखवतो,” असं लोक म्हणायचे. मी ताठ उभा राहायचो. डोंगरावरच्या मनोऱ्याकडून काहीतरी यायचं, माझ्या कांड्यांना लागायचं आणि तारेतून खाली जायचं. काय यायचं ते मला दिसत नसे. मी फक्त धरायचो आणि सोडायचो.

मग एका उन्हाळ्यात सरकारने जुन्या लहरी बंद केल्या आणि नवीन सुरू केल्या. खाली पडद्यावर मुंग्या येत असत, त्या एकदम नाहीशा झाल्या. चित्र एकतर लख्ख यायचं नाहीतर मुळीच यायचं नाही. लोक म्हणाले, टीव्ही सुधारला. मी तर होतो तसाच, होतो तिथेच होतो. काय सुधारलं आणि कोणी सुधारलं, ते मला कुणी सांगितलं नाही.

पुढे हायलोंग गेला. त्याचा फोटो घरातल्या देवघराशेजारी लागला. छायहुन सकाळ-संध्याकाळ तिथे उदबत्त्या लावते. त्यात आजवर एकदाही खंड पडलेला नाही. धूर पडवीतून वर येतो, तेव्हा मला किती वाजले ते कळतं. पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी ती कालव तोंडात घालत नाही, फक्त सोलते. किमकी तिला चिडवते, “आसो, देवाला तुझा नेम कळलाय. कालवांना कधी कळणार?”

आता डब्याची गोष्ट सांगतो.

या वर्षी नवीन वर्षाच्या सणाला छायहुनची नात यीचेन शहरातून आली. ती तिथल्या दवाखान्यात परिचारिका आहे, फार बोलते आणि फार भराभर बोलते. तिने येताना एक काळा चपटा डबा आणला. साबणाच्या डबीहून थोडा मोठा. त्याच्या पाठीला भोकंच भोकं. तिने टीव्हीमागची माझी तार फिरवून सोडवली आणि त्या डब्याच्या पाठीला फिरवून बसवली.

“आमा, इकडे बघ. आता सगळं या एका रिमोटवर. हे वरचं बटण दाबलं की नेटवरचं दिसतं. जुनी नाटकं, स्वयंपाक, काय हवं ते, हवं तेव्हा. आणि हे खालचं दाबलं की नेहमीच्या वाहिन्या.”

“नाटक चार वाजताच लागेल ना?”

“तुला हवं तेव्हा लागेल.”

“मला चार वाजता हवंय.”

“मग चार वाजता लाव, आमा.”

छायहुनने थोडा विचार केला. मग तिने वर, माझ्याकडे बोट दाखवलं. “सगळं जर हा डबा आणतो, तर वरच्याचं काय काम?”

“असू दे गं, दोन्ही लागतं,” यीचेन म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

दोन्ही कशाला लागतं, हे तिने सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. मीही कान देऊन होतो. मलाही ते समजून घ्यायचं होतं.

त्या दिवसापासून माझा गोंधळ सुरू झाला. पूर्वी मी धरलेलं खाली दिसायचं. आता कधी मी धरलेलं दिसे आणि कधी भलतंच दिसे. मनोऱ्यावरून बातम्या येत असायच्या, मी इमानाने खाली पाठवत असायचो, आणि पडवीत मात्र कुणीतरी बाई मुळ्याचे वडे तळत असायची. हे वडे कुठून आले? माझ्यावरून तर गेले नाहीत. मी स्वतःला विचारायचो, आपण झोपेत काही पाठवतो की काय?

डब्याला विचारावं म्हटलं, तर तो बोलत नसे. त्याच्या पुढच्या बाजूला एक निळा ठिपका आहे, तो नुसता लुकलुकतो.

याच सुमारास किमकीचा गुडघा दुखायला लागला. तिचं घर दोन मजली आहे आणि देवघर वरच्या मजल्यावर. रोज दोनदा जिना चढायचा म्हणजे तिला ब्रह्मांड आठवायचं. तेल झालं, पट्ट्या झाल्या, सुयाही टोचून झाल्या. मग कुणीतरी तिला घराची दिशा बघणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे नेलं. ते होकायंत्राची तबकडी घेऊन आले, माडीवर गेले आणि देवघराच्या खिडकीत उभे राहून थेट माझ्याकडे बघायला लागले.

“समोरून भाला रोखलाय,” ते म्हणाले. “देवाच्या खिडकीवर.”

मी इकडे तिकडे बघितलं. भाला कुठे दिसेना. डोंगर किमकीच्या त्या खिडकीच्या जरा वरून दिसतो, म्हणून माझं टोक तिकडे असतं, एवढंच. तो भाला म्हणजे मीच, हे कळायला मला दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी किमकीने खिडकीच्या चौकटीवर एक आठ कोनी आरसा टांगला. आलेलं अरिष्ट आल्या वाटेने परत जावं म्हणून असा आरसा लावतात. मित्रांनो, मला त्या आरशात एक अँटेना दिसला. वाकडा, गंजलेला, कांड्या तुटलेल्या. मला त्याची फार कीव आली. वाटलं, किमकीने घरात हा कुठला म्हातारा आणून बसवलाय? माझ्या एका कांडीवर काळा कोतवाल येऊन बसला, तर त्याच्याही कांडीवर बसला. तेव्हा मला उमगलं आणि त्यानंतर मी बराच वेळ आरशाकडे बघितलं नाही.

आरसा आमच्या घराकडे तोंड करून होता. गल्लीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. छायहुनला वाईट वाटलं. चार वाजता तिने दोनच्या ऐवजी एकच पाट मांडला. किमकीही आली नाही. ती आपल्या दारात एकटी बसून कालवं सोलू लागली. मधली गल्ली दहा पावलांची. दोघी एकमेकींना दिसत होत्या आणि दोघी खाली मान घालून होत्या. हे तेवीस दिवस चाललं.

चोविसाव्या दिवशी छायहुनने देवासमोर कौल लावला. चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका जमिनीवर टाकायच्या. एक उताणी आणि एक पालथी पडली, तर देवाचा होकार. तिचा प्रश्न मला पडवीतून ऐकू आला. “किमकी परत यावी म्हणून वरचा अँटेना फिरवू का?” फाका टाकल्याचा आवाज तीनदा आला आणि तिन्ही वेळा होकार.

देवाने बरोबरच उत्तर दिलं. मला फिरवल्यावर खाली काय दिसेल, हे तिने विचारलंच नव्हतं.

तराफ्यांची इंजिनं दुरुस्त करणारा खुनसान शिडी घेऊन आला. तो साठीचा आहे, पण चढतो माकडासारखा आणि तोंड एकसारखं चालू असतं.

“आसो, फिरवतो, पण मग काही दिसणार नाही हं. याला डोंगर बघायची सवय आहे.”

“दिसतंय की. हे बघ.” छायहुनने रिमोटचं वरचं बटण दाबलं. पडद्यावर कुणीतरी मासे तळत होतं.

खुनसानने वरून वाकून पाहिलं. “दिसतंय खरं. मग हा इथे काय करतोय? बगळ्यांना बसायला ठेवलाय?”

“कुणी ठेवलाय ते तुला माहीत आहे. काढायचा नाही, फक्त फिरव.”

नट गंजले होते. त्याने हातोडी घातली, मी कुरकुरलो, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझी मान वळली. डोंगर बाजूला सरकत सरकत माझ्या पाठीमागे गेला. पुढे आलं आमच्याच घराचं छप्पर आणि त्याच्यापलीकडे समुद्र.

समुद्र फार मोठा आहे, मित्रांनो. त्याच्यावर तराफे होते, एक जहाज होतं, संध्याकाळी तांबडा सूर्य होता. पण माझ्या कांड्यांना काहीच लागेना. मी मुका झालो. आणि खाली पडवीत टीव्ही चालूच. गाणी, हसणं, वडे, सगळं पूर्वीसारखं. मी काही धरत नव्हतो, काही पाठवत नव्हतो, तरी चित्र येत होतं. मला काही सुचेना. शेवटी मी अशी समजूत करून घेतली, की चित्रं समुद्रच पाठवत असेल आणि ती इतकी बारीक असतील की मला जाणवत नाहीत. दीड महिना मी समुद्राकडे फार आदराने बघत होतो.

किमकी मात्र परत आली. मला फिरवलेलं तिने खिडकीतून पाहिलं, हातात रताळ्यांची टोपली घेतली आणि गल्ली ओलांडून आली.

“रताळी फार झाली होती,” ती म्हणाली.

“बस,” छायहुन म्हणाली, आणि तिने दुसरा पाट मांडला.

“गुडघा जरा बरा वाटतोय, आसो. कालपासून.”

“वाटेल ना. भाला आता मासळीवर रोखलाय.”

दोघी हसल्या. मला फिरवल्याचं दुःख तेव्हा मला राहिलं नाही. काही न करताही आपण उपयोगी पडू शकतो, हे मला नवीन होतं आणि नीटसं कळतही नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते एकाच दुपारचं आहे.

किमकीची धाकटी मुलगी सोगिम गाण्याच्या नाटकात काम करते. बारा वर्षांची असताना ती मंडळीत गेली, आज पंचेचाळिशीची आहे. गेल्या वर्षी तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. स्वरतंतूंवर गाठ होती. वर्षभर ती गायली नाही. पहिले तीन महिने तर बोललीसुद्धा नाही, फोन करायची आणि नुसती श्वास घ्यायची, आणि किमकी इकडून एकटीच बोलायची. समुद्रावर जाणाऱ्यांना सांभाळणारी देवी मात्सूआई, तिच्या जन्मदिवसाला, तिसऱ्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला, उत्तरेकडच्या एका मोठ्या देवळासमोर मंडळीचं नाटक होतं. सोगिम पुन्हा उभी राहणार होती. नाटक टीव्हीवर थेट दाखवणार होते, दुपारी तीन वाजता.

आदल्या दिवशी तिचा फोन आला. पडवीत फोनचा आवाज मोठा ठेवतात, म्हणून मीही ऐकला.

“आई, तू बघशील ना?”

“बघणार नाही तर काय करेन?”

“नंतरचं नाही. मी गात असताना बघ. तू त्याच वेळी बघते आहेस असं मला माहीत असलं की माझा आवाज फुटणार नाही.”

“बघेन. आसोकडे बघेन. तिच्याकडे सगळं दिसतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दोघी पाटावर येऊन बसल्या. किमकीने चांगला सदरा घातला होता. छायहुनने रिमोट घेतला आणि कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदा खालचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्याच्यावर एक ओळ आली. छायहुनने चष्मा लावून ती वाचली.

“सिग्नल नाही, असं म्हणतोय.”

“पुन्हा दाब.”

तिने पुन्हा दाबलं. मग वरचं दाबलं, तर मुळ्याचे वडे आले. खालचं दाबलं, काळोख. तिने डब्याला चापट मारली. निळा ठिपका लुकलुकला. तिने यीचेनला फोन लावला.

“आमा, मी कामावर आहे. पटकन सांग.”

“डबा बिघडला. वडे दाखवतो, नाटक दाखवत नाही.”

“कोणतं नाटक? अगं, ते थेट फक्त हवेवरून येतं. नेटवर दोन आठवड्यांनी येईल. मागची काळी तार नीट बसली आहे का?”

“बसली आहे. घट्ट.”

“मग ‘वाहिन्या शोधा’ दाब. आकडा शंभरपर्यंत जाऊ दे.”

आकडा सरकू लागला. वीस. चाळीस. किमकी पुटपुटत मोजत होती. शंभर झाले. सापडलेल्या वाहिन्या, शून्य.

“शून्य?” फोनमध्ये यीचेन म्हणाली. “असं कसं होईल? आमा, वरचा अँटेना पडला का?”

“उभा आहे.”

“कुठे बघतोय?”

छायहुनने रिमोट खाली ठेवला. तिने किमकीकडे पाहिलं नाही.

“समुद्राकडे,” शेवटी ती म्हणाली.

“समुद्राकडे? अगं आमा, समुद्रात कुठे मनोरा आहे? कुणी वळवला?”

तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की समुद्र काही पाठवत नव्हता. दीड महिन्याचा माझा आदर फुकट गेला. वडे डब्याचे होते, बातम्या आणि नाटक माझं होतं. दोन वाटा होत्या, एक तारेची आणि एक माझ्या ओळखीची नाही अशी, आणि डबा नुसता दोन्हींच्या तोंडाशी बसला होता. एवढं साधं होतं, आणि ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

छायहुन म्हणाली, “मी वळवायला सांगितला. डबा सगळं आणतो असं वाटलं मला.”

किमकीने फोन तिच्या हातातून घेतला. “यीचेन, मी किमकी. वळवला तो माझ्यासाठी. परत फिरवला तर दिसेल?”

“दिसेल ना, आजी. पण नीट दिशा साधायला हवी.”

किमकीने फोन ठेवला. अडीच वाजायला आले होते. “खुनसानला बोलव, आसो.”

“तुझं देवघर?”

“बोलव.”

“किमकी, तुझा गुडघा आत्ता कुठे...”

“गुडघा माझा आहे. तिचा गळा आहे. तू खुनसानला बोलव.”

खुनसान धावतच आला, हात काळे, तोंडात सुपारी. “मी काय म्हणालो होतो? दिसणार नाही म्हणालो होतो का नाही?”

“म्हणाला होतास,” छायहुन म्हणाली. “आता वर चढ आणि तिथून बोल.”

तो वर आला. नट पुन्हा धरले होते. त्याने तेल ओतलं, थोपटलं, शिवी दिली. मी मनात म्हटलं, वळ बाबा, तूच वळ. पण आपण होऊन वळणं माझ्या हाती नाही. घड्याळात पावणेतीन झाले. नट एकदम सैल झाला, आणि समुद्र सरकला.

“आलं का?” खुनसान ओरडला.

“नाही.”

“आता?”

“चौकोन चौकोन दिसतायत.”

“चौकोन चांगले. आता?”

“गेले.”

“पूर्वी बरं होतं,” खुनसान म्हणाला. “मुंग्या यायच्या, मग जरा कमी मुंग्या. आता एकतर सगळं नाहीतर काळोख. आता बघ.”

खाली छायहुन रिमोट धरून उभी होती. किमकी पडद्याकडे बघतच नव्हती. ती गल्लीकडे तोंड करून उभी राहिली होती आणि तिने हात जोडले होते. ती हळू बोलली, पण मी अगदी तिच्या डोक्यावर होतो.

“मात्सूआई, तिचा आवाज शेवटपर्यंत टिकू दे. तुझ्या इथल्या देवळापर्यंत मी पायी येईन. बांधावरून येईन. कुणाच्या गाडीवर बसणार नाही, काठी घेणार नाही.”

आमच्याकडचं तिचं देऊळ खाडीच्या बांधावरून चांगल्या पायांच्या माणसाला तासाभराचं आहे.

तेवढ्यात डोंगर माझ्यासमोर आला. किमकीच्या खिडकीच्या जरा वरून, धुक्यात अर्धा बुडलेला. माझ्या कांड्यांना ते ओळखीचं काहीतरी लागलं. मी धरलं आणि सोडलं.

“थांब,” छायहुन म्हणाली. “हात काढ. हलू नकोस.”

तिने पुन्हा शोध लावला. आकडा सरकला. वीस वाहिन्या सापडल्या. तिने एकेक लावून बघितली. तिसऱ्या वाहिनीवर ढोल वाजत होते आणि आठ देव आशीर्वाद द्यायला रंगमंचावर येत होते. नाटकाच्या आधी ते येतातच. सोगिम अजून यायची होती.

खुनसान शिडीवरच बसला. खाली उतरलो आणि चित्र गेलं तर दोन्ही बायका आपल्याला कालवांसारखं सोलतील, असं तो म्हणाला.

मग सोगिम आली. पुरुषाच्या वेशात होती, निळा झगा, हातात पंखा. किमकीने हातात एक कालव आणि सुरी घेतली होती, सवयीने. सोगिमने गायला तोंड उघडलं. पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीला, सूर उंच जातो तिथे, आवाज घसरला. अगदी थोडा. एखाद्या पायरीवरून पाऊल सटकावं तसा. किमकीची सुरी शिंपल्यावर थांबली. सोगिमने पंखा मिटला, क्षणभर समोर बघितलं, आणि तोच सूर पुन्हा धरला. या वेळी तो गेला, जिथे जायचा तिथे गेला.

“उतरू का?” खुनसानने हळूच विचारलं.

“गप्प बस,” दोघी एकदम म्हणाल्या.

नाटक साडेपाचला संपलं. किमकीच्या हातातलं कालव उघडलेलं नव्हतं. छायहुनने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि बादलीत टाकलं.

थोड्या वेळाने फोन आला. “आई, बघितलंस?”

“बघितलं. पंखा मिटलास तेव्हाही बघितलं.”

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

मी आता पुन्हा डोंगराकडे बघतो आहे. माझं टोक किमकीच्या देवघराकडे आहे आणि आरसा त्याच्या जागी आहे. आम्ही एकमेकांसमोर उभे असतो. कुणाचं काय कुणाला लागतं, की काहीच लागत नाही, ते मला माहीत नाही. गुरुजींना माहीत असेल. त्या दिवशी चित्र मी आणलं, की खुनसानने, की मात्सूआईने, हेही मला नक्की सांगता येणार नाही.

एक मात्र सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरात नवीन डबा आला, तर त्याच्या पाठीला जोडलेल्या तारेचं दुसरं टोक कुठे जातं, ते एकदा बाहेर येऊन बघा. तिथे कुणीतरी उन्हात उभं असेल. त्याला हलवायचं असेल तर जरूर हलवा. त्याआधी फक्त बघून घ्या, की ते कुठे बघतं आहे. वर्षातून एकदा नटाला तेल द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी काही समजावत असेल, तर त्यांना समजेपर्यंत समजावा. फोन नंतर घ्या.

दुसऱ्या दिवशी पहाट नुकतीच सरली होती. छायहुनच्या पहिल्या उदबत्तीच्या आधीच समोर किमकीच्या घराचं दार उघडलं. किमकी बाहेर आली. हातात फुलांची आणि फळांची टोपली होती, डोक्यावर कालवं काढताना बांधतात तो फडका. काठी नव्हती. तिने दार ओढून घेतलं, आवाज होऊ दिला नाही. गल्लीच्या टोकाला खुनसान आपली स्कूटर पुसत होता. त्याने तिला बघितलं आणि मागची सीट थोपटून दाखवली. तिने मान हलवली. मग उजवा पाय पुढे टाकला, डावा त्याच्याजवळ आणला, आणि ती बांधाच्या दिशेने चालू लागली.